इंग्रजीत ‘मी’ सांगताना

मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजीच्या तासाबद्दल बोलू नये, असा एक अलिखित शिष्टाचार आमच्या कॉलेजांतून पाळला जातो. तो मोडल्याबद्दल माझ्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी मला आधीच क्षमा केलेली आहे. कारण विषय त्यांच्याच तासाला निघाला आणि तेथून तो माझ्या टेबलावर येऊन बसला. भडगावसारख्या तालुक्याच्या गावी प्राध्यापकांच्या खोलीत टेबले अगदी जवळजवळ असतात. एकाचे ओझे दुसऱ्याकडे सरकायला वेळ लागत नाही.

विषय असा. आमच्या मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवायचे; आणि तेही ताजमहालाविषयी किंवा पावसाळ्यातल्या एका दिवसाविषयी नव्हे, तर स्वतःविषयी. नोकरीच्या मुलाखतीत पदवी कोणती आणि गुण किती, एवढ्यावर आता भागत नाही. ‘तुमचा मेंटॉर कोण?’ ‘कोणाच्या कोचिंगमुळे तुमच्यात काय फरक पडला?’ ‘गेल्या दोन वर्षांत तुमची पर्सनल ग्रोथ काय?’ असे प्रश्न येतात, आणि ते इंग्रजीत येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आज आमच्या बाकांवर बसलेल्या मुलांनी बारा-तेरा वर्षे इंग्रजीची पुस्तके हाताळलेली असतात. तरीही हे प्रश्न आले, की वर्गात गिरणेच्या उन्हाळ्यातल्या पात्रासारखी शांतता पसरते.

एकदा सहकाऱ्यांनी वर्गातच लुटुपुटीची मुलाखत घेतली. मीही मागच्या बाकावर बसलो होतो. ‘तुझा मेंटॉर कोण?’ या प्रश्नाला पहिल्या मुलाने उत्तर दिले, डॉ. अब्दुल कलाम. दुसऱ्याने स्वामी विवेकानंद. तिसऱ्याने विराट कोहली. चौथीने पुन्हा कलाम. थोर माणसेच सारी. परंतु त्यांपैकी एकानेही या मुलांचे नाव कधी ऐकलेले नव्हते. ‘तुझ्यातले गुण सांग’ म्हटल्यावर तर सगळा वर्ग एकाच मुशीतून निघाल्यासारखा बोलला: आय ॲम हार्डवर्किंग, आय ॲम ऑनेस्ट, आय ॲम अ टीम प्लेयर. हे शब्द बाजारात तयार मिळतात. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ शिकवणाऱ्या वर्गांतून ते पाठ करून घेतले जातात आणि त्यासाठी पालक चार पैसे बाजूला काढून फी भरतात. मुलाखत घेणाऱ्याने मात्र तीच तीन वाक्ये सकाळपासून चाळीस वेळा ऐकलेली असतात!

मुलांचे इंग्रजी कच्चे आहे, असे म्हणून हा प्रश्न सुटला असता तर मला लेखणी उचलण्याचे कारणच नव्हते. माझे म्हणणे असे, की ही अडचण इंग्रजीत सुरूच होत नाही. ती मराठीत सुरू होते. आमच्या मुलाला कोणत्याही भाषेत, कोणी, कधी असे विचारलेलेच नसते, की बाबा रे, तुला कोणी घडवले आणि तू कसा घडलास? मराठीत न सांगितलेली गोष्ट तो इंग्रजीत कोठून सांगणार?

आधी त्या शब्दांकडेच पाहू. ‘कोच’ हा शब्द मूळचा एका गावाचा. हंगेरीत ‘कोच’ नावाचे गाव आहे. तेथे पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून गाडीलाच ते नाव पडले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पैलतीराला नेऊन पोचवणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. ज्यात बसले की मुक्काम येतो, ती गाडी! मैदानावरच्या शिक्षकाला हे नाव त्यानंतर लागले. ‘मेंटॉर’ त्याहून पुष्कळ जुना. होमरच्या ‘ओडिसी’त राजा ओडिसियस युद्धाला जाताना आपले घरदार ज्या मित्रावर सोपवतो, त्याचे नाव मेंटॉर. तान्हा टेलेमॅकस मोठा होतो आणि बापाच्या शोधाला निघतो, तेव्हा अथीना देवी याच मेंटॉरचे रूप घेऊन त्याला धीर देते. हे विशेषनाम सामान्यनाम होऊन लोकांच्या तोंडी बसले ते १६९९ मध्ये, फेनेलाँ या फ्रेंच धर्मगुरूची टेलेमॅकसवरची कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हापासून. तो स्वतः चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक होता.

एक गाडी आणि एक घरचा मित्र, हा दोन शब्दांतला फरक मुलांना सांगितला की त्यांना तो चटकन समजतो. कारण हा फरक त्यांच्या गावात आहेच. तालमीतला वस्ताद, गॅरेजमधला उस्ताद, भिंतीला ओळंबा लावायला शिकवणारा गवंडी हे कोच. ते एक हुन्नर हातात उतरवतात. ‘पोरगं शिकू द्या, मी बोलतो त्याच्या बापाशी’ म्हणणारा शेजारी किंवा मामा हा मेंटॉर. तो हुन्नर शिकवीत नाही. तो आपल्या पाठीशी उभा राहतो. आमच्याकडे ‘कोचिंग’ म्हणजे कोटा, लातूर आणि भिंतीवरचे फलक, एवढाच अर्थ उरला आहे. आणि ‘मेंटॉर’ म्हणजे कॉलेजातले एक रजिस्टर. नॅकच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे विद्यार्थी किती, हे प्रमाण विचारले जाऊ लागले, तेव्हापासून कॉलेजांतून प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे विद्यार्थ्यांची यादी लागते. रजिस्टर वाईट नाही. पण सहीपुरती भेट झाली तर त्या भेटीतून मुलाला सांगण्यासारखे एक वाक्यही मिळत नाही.

शब्दांनंतर व्याकरण. येथे मात्र मराठीच्या मास्तराला थोडा अधिकार आहे. ‘मला पोहता येते’, ‘मला जमले’, ‘मला सुचले’, ‘माझ्या लक्षात आले’ असे आपण म्हणतो. आपल्या भाषेत विद्या माणसाकडे चालत येते. माणूस नुसता तिच्या वाटेवर उभा असतो. इंग्रजीत तसे चालत नाही. तेथे ‘आय’ पुढे येतो आणि क्रिया आपल्या अंगावर घेतो: आय कॅन स्विम, आय मॅनेज्ड, आय रिअलाइज्ड. शाळेत ‘मला’ म्हणजे ‘टू मी’ असे घोकलेल्या मुलाची गाडी येथेच रुतते. दुसरी अडचण ‘आम्ही’ची. आमच्या भागातला मुलगा शेतात एकट्याने पाणी भरून आला तरी ‘आम्ही पाणी भरले’ म्हणतो. ते इंग्रजीत ‘वुई’ होते, आणि मुलाखत घेणारा विचारतो, ‘ते ठीक; पण यात तुम्ही स्वतः काय केलेत?’ मुलगा गोंधळतो. त्याला तो प्रश्न उद्धट वाटतो. घराने केलेल्या कामातून आपला वाटा वेगळा काढून दाखवणे त्याला हिस्से मागण्यासारखे वाटते.

आणि तिसरी अडचण संस्कारांची. आपली स्तुती आपण करू नये, गुरूचे नाव घेताना गवयाने कानाच्या पाळीला हात लावावा, अशा रीतीत आपण वाढलो. ही रीत मला प्रिय आहे. ती मुलांनी टाकून द्यावी असे मी सांगणार नाही. परंतु ‘मी फार कष्टाळू आहे’ ही बढाई आणि ‘मी तीन वर्षे रोज पहाटे पाच वाजता दूध घालून मग कॉलेजला आलो’ ही माहिती, यांत फरक आहे. पहिले वाक्य उच्चारताना लाज वाटली तर ती योग्यच. दुसऱ्यात लाजण्यासारखे काय आहे? मौज अशी, की मुलाखत घेणाऱ्यालाही दुसरेच वाक्य हवे असते.

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून असे ठरवले, की इंग्रजीच्या तासाआधी एक तास मराठीचा घ्यायचा. आणि ज्याला अहिराणीत बोलायचे त्याने खुशाल अहिराणीत बोलायचे. ‘मेंटॉर’ हा शब्द त्या तासाला उच्चारायचाच नाही. विचारायचे ते असे: तुला सायकल कोणी शिकवली? पहिल्यांदा बँकेत कोण घेऊन गेले? शाळा सुटण्याची वेळ आली तेव्हा घरी तुझ्या बाजूने कोण बोलले? कोणाच्या रागावण्याचा तुला उपयोग झाला? मग तोंडे उघडली. कोणाचा चुलता निघाला, कोणाची वहिनी, कोणाचा एस. टी. डेपोतला मेकॅनिक, तर कोणाचा बारावी नापास झालेला थोरला भाऊ, ज्याने स्वतःची पुस्तके जपून धाकट्यासाठी ठेवली होती. एक मुलगा म्हणाला, ‘मी अजून शिकी ऱ्हायनू, सर.’ सहकारी लगेच फळ्याकडे वळले. आय ॲम स्टिल लर्निंग. शब्दाला शब्द असे भाषांतर एरवी क्वचितच जुळते!

त्या वर्गात गिरणाकाठच्या एका खेड्यातली मुलगी होती. आधीच्या फेरीत तिनेही कलामांचेच नाव घेतले होते. या वेळी तिने बचत गटातल्या एका बाईंची गोष्ट सांगितली. बाईंचे शिक्षण चौथीपर्यंत. गटाची वही लिहायला कोणी नव्हते, म्हणून त्यांनी आठवीतल्या या मुलीला बसवले. बेरीज दोनदा करायची, आणि लिहिलेला प्रत्येक आकडा सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याशिवाय उठायचे नाही, असा त्यांचा दंडक. एकदा वीस रुपयांचा मेळ बसेना. मुलगी म्हणाली, ‘जाऊ द्या ना मावशी, मी घालते वीस रुपये.’ बाई म्हणाल्या, ‘पैसे नको घालू, चूक शोध.’ रात्री दहा वाजता चूक सापडली. मुलगी पुढे म्हणाली, ‘सर, तेव्हापासून मी वर्गातली गणितंसुद्धा दोनदा तपासते.’

ही गोष्ट इंग्रजीत उतरवायला पाच साधी वाक्ये पुरली. माणूस कोण, गोष्ट केव्हाची, त्याने काय केले, मी काय केले, आणि त्यानंतर मी काय वेगळे करू लागले. आम्ही ही पाच घरे फळ्यावर आखून ठेवतो. भूतकाळ, मग ‘सिन्स देन’ आणि त्यापुढचे क्रियापद, एवढे व्याकरण त्यात बसते. आणि ‘पर्सनल ग्रोथ’ हे भारदस्त जोडनाव न वापरता ती ग्रोथ ऐकणाऱ्याला दिसते.

त्या मुलीच्या बाबतीत हा केवळ तासाचा प्रश्न नव्हता. घरून तिला दिवाळीपर्यंत मुदत होती: नोकरी लागली तर बरे, नाहीतर आलेली स्थळे पाहायची. जळगावच्या एका मुलाखतीत तिने ही पाच वाक्ये सांगितली. समोरच्यांनी पुढचे तीन प्रश्न त्या वहीबद्दलच विचारले, आणि आपल्याच वहीविषयी बोलायचे असल्याने तिचे इंग्रजी अडखळत का होईना पण चालले. ती नोकरी तिला मिळाली नाही. महिन्याभराने दुसरी मिळाली, पाचोऱ्याला, रोज एस. टी. ने जाते. इंग्रजीत तुमचे नाव सांगितले, असे तिने त्या बाईंना कळवले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हनजे काय वं माय?’ मुलीने त्यांना मेंटॉरचा अर्थ समजावून सांगितला, की नुसतीच हसली, हे मी विचारले नाही.

कोणी म्हणेल, हे खेड्यातल्या मुलांपुरते ठीक; मोठी माणसे असे बोलतात काय? मोठी माणसे असेच बोलतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये इंग्रजीत एक प्रस्तावना लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे सांगताना त्यांनी मोठी तात्त्विक भाषा वापरलेली नाही. लहानपणी परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी सत्कार केला. त्या वेळी दादा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मन हलले. मग आपण वडिलांनाच विचारले, की आम्हांला या वाङ्मयाची ओळख का करून दिली नाहीत? माणूस, प्रसंग, पुस्तक, परिणाम. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेला हा पंडित आपल्या घडणीची गोष्ट इंग्रजीत सांगतो, ती इतकी साधी. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक आणि चरित्रकार. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून आंबेडकरांना शिष्यवृत्ती मिळाली, त्यातही त्यांचा हात होता. मेंटॉर कोणाला म्हणावे, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला होमरपर्यंत जाण्याची गरज नाही.

कोचचे उदाहरण हवे तर तेही मुंबईचेच आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकरने आपले गुरू रमाकांत आचरेकर यांच्याविषयी सांगितले, की इतक्या वर्षांत सरांनी मला ‘चांगला खेळलास’ असे कधी म्हटले नाही. मुलगा डोक्यावर चढून बसेल, ही त्यांना भीती. भाषण इंग्रजीत होते आणि जगाने ऐकले. आपल्या घरातले जे मुके प्रेम परक्या भाषेत सांगता येणारच नाही असे आपण समजतो, ते असे सरळ सांगता येते. आचरेकर सर २०१९ च्या जानेवारीत गेले. पण ते वाक्य मी वर्गात अजून सांगतो, आणि सांगितले की मुले आपापल्या बापांकडे नव्याने पाहतात.

आमच्या खानदेशाला तर या विषयाची परंपराच आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुऊन ठेवणे असली कामे ते न बोलता करीत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते लिहीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. हा झाला मेंटॉर. आणि हेच गुरुजी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने होत, तेव्हा समोर बसून ती उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळाले ते त्यामुळे. जो अमळनेरला मुलांना घडवीत होता, तो धुळ्याला दुसऱ्यापुढे वही घेऊन बसला होता. पर्सनल ग्रोथ म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी ही दोन गावे दाखवीन. त्यांत अंतरही फार नाही.

मराठीत ‘वाढणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. मूल वाढते, आणि आई ताटात वाढते. इंग्रजीच्या ‘ग्रोथ’मध्ये पहिलाच अर्थ आहे, आणि माझी भीती या दुसऱ्या अर्थाबद्दल आहे. तयार वाक्यांचे इंग्रजी शिकलेला मुलगा ‘मी घडलो’ एवढेच बोलायला शिकतो. वाढणारे हात त्या वाक्यात कोठे बसवावेत, हे त्याला कोणी सांगत नाही. मग चौथी शिकलेली बाई, नापास भाऊ, डेपोतला मेकॅनिक ही माणसे इंग्रजीत सांगण्याच्या लायकीची नाहीत, असे त्याला वाटू लागते. आज ती त्याच्या वाक्यातून जातात. उद्या त्याच्या येण्याजाण्यातून जातात. मुलाला नोकरी लागते आणि घर त्याला परके होते, ही तक्रार शहरातल्या किती घरांत ऐकू येते! तिची सुरुवात कधीकधी अशा एखाद्या पाठ केलेल्या उत्तरापाशी झालेली असते.

याला एक पथ्य मात्र हवे. ज्याने हात दिला त्याच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या मानायच्या, असे नाही. शिक्षण थांबू नये म्हणून भांडलेला मामाच पुढे ‘तू अमुकच हो’ म्हणून अडून बसतो. ‘त्यांनी मला हे शिकवले, पण या बाबतीत मी त्यांचे ऐकले नाही’ हे वाक्यही मुलांना मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत म्हणता आले पाहिजे. आणि ते न दुखावता म्हणता आले पाहिजे. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून एकच ‘यू’ आहे. म्हणून तेथे आदर सर्वनामात ठेवता येत नाही, तो सबंध वाक्याच्या सुरात ठेवावा लागतो. हे शिकायला वेळ लागतो. आमचे पुढचे चार तास यासाठीच राखून ठेवले आहेत.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील, मुले सुटीवर आली असतील, मावशा-काका जमले असतील. तुमच्या मुलाला ‘कॉन्फिडन्स’ यावा म्हणून तुम्ही एखाद्या वर्गाची फी भरली असेल, तर जरूर भरा. त्या वर्गांतून उच्चार सुधारतात, भीड मोडते. पण वर्गात जाण्याआधीचा धडा तुमच्याच घरात घेता येईल. जेवणे झाल्यावर मुलाला विचारा, की तुला अमुक गोष्ट कोणी शिकवली. तो ‘कोणी नाही, मीच शिकलो’ म्हणाला तर रागावू नका. थोडे थांबा, त्याला आठवू द्या. मग तुम्ही आपली गोष्ट सांगा. तुम्हांला पहिल्यांदा नोकरीच्या अर्जाचा मसुदा कोणी करून दिला, पहिल्या पगारापर्यंत कोणी उसने दिले, कोणी तुमची चूक झाकली नाही. आजीलाही विचारायला विसरू नका. तिला हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेलाच नसतो. या गोष्टी मुलांनी एकदा नीट ऐकल्या, म्हणजे त्यांचे इंग्रजी करण्याचे काम आमच्या सहकाऱ्यांकडे द्या.